कोणाच्या नजरेतून वेस्टेरॉस

१९८०च्या दशकात जॉर्ज आर. आर. मार्टिन हॉलिवूडमध्ये टीव्हीसाठी लिहीत होते. आधी 'द ट्वायलाइट झोन'ची नवी आवृत्ती, मग 'ब्यूटी अँड द बीस्ट'. पटकथेचा पहिला खर्डा दिला की दर वेळी तेच ऐकायला मिळायचं : लांबी जास्त झाली, खर्च परवडणार नाही, पात्रं कमी करा, लढाई गाळा. या काटछाटीचा त्यांना वीट आला. १९९१ साली त्यांनी एक कादंबरी लिहायला घेतली ती या सगळ्यातून मोकळं होऊन. सातशे फूट उंचीची बर्फाची भिंत, शेकडो पात्रं, पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं, समुद्रापलीकडची शहरं. कागदावर यातल्या कशालाच कोणी खर्चाचा हिशेब मागत नाही. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालेचा पहिला खंड 'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ साली आला. मनात तीन खंड होते. आजवर पाच झाले आणि दोन व्हायचे आहेत. पडद्यावर मावणारच नाही अशा बेताने लिहिलेली ही कथा १७ एप्रिल २०११ रोजी एचबीओच्या पडद्यावर आली आणि १९ मे २०१९पर्यंत आठ पर्वं, ७३ भाग चालली.

पहिल्या खंडाची प्रकरणं, आरंभीचं नांदीचं प्रकरण धरून, नेमकी ७३ आहेत. पाचही खंडांची मिळून ३४४. एका खंडात जितकी प्रकरणं, तितक्याच भागांत मालिकेचे निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांना पाचही खंड बसवायचे होते, शिवाय जे अजून लिहूनच झालं नव्हतं ते सगळं. हा निव्वळ योगायोग आहे, पण तो ध्यानात ठेवला की गाळण्याबद्दलची तक्रार फार वेळ धरून बसता येत नाही. गाळणं अटळ होतं. म्हणून 'मालिकेने काय काय वगळलं' याची जंत्री हा या पुस्तकाचा विषय नाही. तशा जंत्र्या पुष्कळ झाल्या आहेत आणि त्या वाचून हाती फारसं काही लागत नाही. मला विचारायचं आहे ते वेगळंच : एखादं माणूस कथेतून काढलं की मागे उरलेल्या माणसांच्या वागण्याची कारणं शाबूत राहतात का?

हा प्रश्न या कादंबऱ्यांच्या बाबतीत इतका टोकदार का होतो, ते त्यांच्या घडणीत आहे. मार्टिन यांच्या जवळपास प्रत्येक प्रकरणाला शीर्षक म्हणून एखाद्या पात्राचं नाव असतं आणि त्या प्रकरणात आपल्याला फक्त त्याच पात्राला दिसेल, ऐकू येईल, आठवेल तेवढंच कळतं. पहिल्या खंडात नांदी सोडली तर अशा आठच नजरा आहेत : नेड, कॅटलिन, सान्सा, आर्या, ब्रॅन, जॉन, टिरियन आणि डेनेरिस. राजा रॉबर्टच्या मनात आपण कधीच शिरत नाही. राणी सर्सीच्या मनात शिरायला चौथा खंड यावा लागतो. रॉब स्टार्क, ज्याला उत्तरेचे सरदार राजा करतात, त्याच्या नावाचं एकही प्रकरण कुठल्याच खंडात नाही. तो आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळा त्याच्या आईच्या डोळ्यांनी. वाचक म्हणून आपण एका डोक्यात कोंडलेले असतो, आणि त्या डोक्याला जे कळत नाही ते आपल्याला त्याच्या नकळत ओळखावं लागतं. सान्सा राजपुत्र जॉफ्रीकडे भारावून पाहत असते तेव्हा तिच्याच वर्णनातून आपल्याला त्या मुलाचा क्रूरपणा दिसतो आणि तिला दिसत नाही. या अंतरातून कादंबरीचा बराचसा ताण निर्माण होतो.

कॅमेऱ्याला असं कोणाच्या डोक्यात राहता येत नाही. तो खोलीत असतो आणि खोलीतल्या सगळ्यांना सारखंच पाहतो. यात तोटा आहे तसा मोठा फायदाही आहे, आणि पहिल्या पर्वात बेनिऑफ-वाइस यांनी तो पुरेपूर उचलला. पाचव्या भागात रॉबर्ट आणि सर्सी दोघंच बसून आपल्या लग्नाबद्दल बोलतात. हे लग्न सात राज्यांना बांधून ठेवतंय, आणि त्यात प्रेम कधी नव्हतंच की एके काळी थोडं होतं, हे दोघं इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच एकमेकांना विचारतात. कादंबरीत हा प्रसंग नाही, असूच शकत नाही, कारण त्या खोलीत जाऊ शकेल असं प्रकरणच नाही. सातव्या भागात टायविन लॅनिस्टर पहिल्यांदा पडद्यावर येतो तो तंबूत उभा राहून, स्वतःच्या हाताने एक मेलेला काळवीट सोलत. बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत रक्त, आणि जीभ न अडखळता मुलाला घराण्याच्या नावाबद्दलचं व्याख्यान. चार्ल्स डान्स यांनी तो काळवीट खरोखर सोलला. रॉबर्टच्या बॅरथियन घराण्याचं चिन्ह काळवीटच आहे, हे कोणी बोलून दाखवत नाही. पुस्तकात नसलेला हा प्रसंग पुस्तकातल्या टायविनला तंतोतंत शोभतो. माझ्या मते रूपांतर कसं करावं याचा तो धडा आहे : लेखकाने न लिहिलेलं, पण त्याने घडवलेल्या माणसाकडून सहज घडेल असं काही शोधून काढणं.

आता रॉबच्या लग्नाकडे या. वॉल्डर फ्रेच्या पुलावरून सैन्य नेण्याच्या बदल्यात रॉबने फ्रे घराण्यातल्या मुलीशी लग्न करण्याचा शब्द दिलेला आहे. मालिकेत तो टालिसा नावाच्या व्होलँटिसच्या तरुणीच्या प्रेमात पडतो. ती रणांगणावर जखमींची शुश्रूषा करते, निर्भीड बोलते, आणि रॉब शब्द मोडून तिच्याशी लग्न लावतो. प्रेम मोठं की वचन, हा आपल्या ओळखीचा पेच आहे. कादंबरीत टालिसा नाही. तिथे आहे जेन वेस्टरलिंग, शत्रूच्या गोटातल्या एका खालावलेल्या घराण्यातली मुलगी. जखमी रॉब तिच्या वडिलांच्या गढीत पडलेला असताना त्याला बातमी मिळते की त्याचे दोन्ही धाकटे भाऊ मारले गेले. त्या रात्री जेन त्याचं सांत्वन करते, आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्याशी लग्न करतो, कारण तिची अब्रू जायला नको. तो नेडचा मुलगा आहे. नेडने घरी आणलेल्या अनौरस मुलाबरोबर तो वाढला आहे आणि त्या मुलाच्या वाट्याला काय आलं ते त्याने रोज पाहिलं आहे. एका मुलीची अब्रू राखायला तो स्वतःचा शब्द मोडतो, राज्य पणाला लावतो.

हे सगळं आपल्याला कळतं ते कॅटलिनच्या प्रकरणात, आणि अशा घडीला, जेव्हा तिनेही मुलींच्या जिवासाठी एक भयंकर चूक केलेली असते : मुलाचा सर्वांत मोलाचा कैदी जेमी लॅनिस्टर तिने सोडून दिलेला असतो. रॉब परत येतो आणि भर दरबारात आईला माफ करतो, जरा जास्तच सहज. ऐकता ऐकता कॅटलिनच्या लक्षात येतं की हा आधी माफी देतोय, म्हणजे याला काहीतरी माफी मागायची आहे. एका आईला मुलाच्या सौजन्यातून संकटाची चाहूल लागते. मालिकेला हे करता आलं असतं का? कदाचित. पण त्यासाठी जेन हवी होती. टालिसाबरोबर रॉबचं लग्न त्याच्या स्वतःच्या सुखासाठी होतं, आणि बापाचं वळण मुलात उतरून मुलाचा घात करतं हा धागा तिथेच तुटतो.

त्या लग्नाची किंमत ज्या लग्नात वसूल होते, ते 'रेड वेडिंग' मालिकेत २ जून २०१३ रोजी दाखवलं गेलं. या पुस्तकातला सर्वांत मोठा लेख त्यावर आहे, म्हणून इथे एकच गोष्ट सांगतो. कादंबरीत ती सगळी रात्र गोंगाटाची आहे. वाजंत्री बेसूर आहेत, ढोल कान किटवतात, कॅटलिनचं डोकं ठणकतं. आणि या गोंधळात ती एडविन फ्रेचा दंड धरते तर रेशमी बाहीखाली हाताला लोखंडी कड्या लागतात. म्हणजे चिलखत कळतं ते स्पर्शाने. मालिकेत दार लोटलं जातं, गॅलरीतले वादक एक ओळखीची धून सुरू करतात, कॅटलिनचा चेहरा बदलतो, आणि रॉबचा सरदार रूस बोल्टन याच्या बाहीखालची जाळी ती डोळ्यांनी पाहते. भाग संपल्यावर नामावली वर सरकते ती पूर्ण नि:शब्द, एकही सूर नाही. पुस्तकाने आवाज वाढवत नेला, पडद्याने तो काढून घेतला. दोन्ही अस्सल आहेत. इथे कोण सरस हे ठरवायला मी जाणार नाही.

टिरियनच्या बाबतीत मात्र मी ठरवणार आहे. तेरा वर्षांचा असताना टिरियनने टायशा नावाच्या मुलीशी गुपचूप लग्न केलं होतं. बापाला कळलं, ती पैसे देऊन आणलेली वेश्या होती असं जेमीकडून वदवून घेतलं गेलं, आणि मग टायविनने तिचं जे केलं ते इथे लिहिण्याची गरज नाही. मालिकेने ही हकिगत पहिल्याच पर्वात, लढाईच्या आदल्या रात्री तंबूत, टिरियनच्या तोंडून सांगितली आहे. पीटर डिंक्लेज यांनी ती सांगितली आहेही फार ताकदीने. पाया असा भरलेला होता. तिसऱ्या खंडाच्या शेवटी जेमी भावाला अंधारकोठडीतून सोडवतो आणि जाता जाता खरं काय ते सांगून टाकतो : टायशा वेश्या नव्हती. ती खरोखरच एका गरीब घरची मुलगी होती आणि तिचं टिरियनवर खरोखर प्रेम होतं. त्या क्षणी दोघा भावांचं नातं संपतं. टिरियन तोंडाला येईल ते विष जेमीवर ओकतो, न केलेल्या खुनाची कबुलीसुद्धा देतो, आणि मग धनुष्य घेऊन बापासमोर उभा राहतो तो एका प्रश्नाचं उत्तर मागायला : टायशाला कुठे पाठवलं?

१५ जून २०१४ रोजी दाखवलेल्या चौथ्या पर्वाच्या अखेरच्या भागात हे भाऊ मिठी मारून निरोप घेतात. टायशाचं नावही निघत नाही. मग सुटकेचा रस्ता समोर मोकळा असताना टिरियन बापाच्या दालनाकडे का वळतो? पडद्यावर याचं उत्तर नाही. तिथे त्याची प्रेयसी शे दिसते, राग येतो, बाण सुटतो, आणि डान्स व डिंक्लेज यांच्या अभिनयाच्या जोरावर प्रसंग तरतो. नुकसान पुढे कळतं. पाचव्या खंडातला टिरियन त्या एका प्रश्नाने पछाडलेला आहे. समुद्रापलीकडे भेटेल त्याला तो तेच विचारत सुटतो, कडू झाला आहे, कधी कधी अगदी नकोसा वाटतो. मालिकेतला टिरियन पाचव्या पर्वापासून शहाणा सल्लागार होतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. मधल्या काळात त्याला स्वतःचं असं हवं तरी काय, हे शोधूनही सापडत नाही. एका कबुलीजबाबाचा, फार तर दोन मिनिटांचा संवाद वगळला गेला आणि सर्वांत लाडकं पात्र पुढची चार पर्वं कारणावाचून चालत राहिलं.

वगळण्याचा प्रत्येक निर्णय असाच महागात पडला असं मात्र नाही. ब्लॅकवॉटरची लढाई घ्या. दुसऱ्या खंडात टिरियन शहरातल्या लोहारांना कामाला लावून एक प्रचंड साखळी घडवून घेतो; सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिसचं आरमार नदीत शिरलं की ती मागून वर ओढून परतीची वाट बंद करायची. लढाई तीन नजरांतून उलगडते : पाण्यावर स्टॅनिसचा डाव्होस, तटावर टिरियन, किल्ल्यात बायकांबरोबर बसलेली सान्सा. मालिकेत साखळी नाही. आणि २७ मे २०१२ रोजी आलेल्या त्या भागाची पटकथा खुद्द मार्टिन यांची आहे. ज्या काटछाटीला कंटाळून ते कादंबरीकडे वळले होते ती त्यांनी आपल्याच साखळीवर केली, आणि भाग उत्तम वठला, कारण साखळी हा डावपेच होता. ती गेली तरी कोणाच्या वागण्यामागचं कारण गेलं नाही. पहिल्या पर्वात तर ग्रीन फोर्कच्या लढाईसाठी पैसाच नव्हता. टिरियनला सुरुवातीलाच मार लागून तो बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तेव्हा लढाई संपलेली असते. मार्टिन यांनी स्वतः पुस्तकात व्हिस्परिंग वुडची लढाई अशीच दूरवरून दाखवली आहे : कॅटलिन अंधारात टेकडीवर घोड्यावर बसून फक्त आवाज ऐकते. एकाला पैशाने अडवलं, दुसऱ्याने आपल्या पद्धतीचं बंधन पाळलं, आणि दोघंही जवळपास एकाच ठिकाणी पोचले.

पाचवा खंड 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' १२ जुलै २०११ रोजी आला, पहिलं पर्व संपल्यावर काही आठवड्यांतच. त्यानंतर मुख्य कथेचा खंड आलेला नाही. चौथ्या पर्वानंतर मार्टिन यांनी मालिकेसाठी पटकथा लिहिणंही थांबवलं, 'द विंड्स ऑफ विंटर'ला वेळ देता यावा म्हणून. २०१६च्या सहाव्या पर्वापासून मालिका पुस्तकांच्या पुढे गेली. आपल्याकडे सोमवारी सकाळी ऑफिसच्या आधी मोबाइलवर नवा भाग पाहणारे पुष्कळ जण होते. तोवर पुस्तकं वाचलेल्यांना एक मान होता. पुढचं माहीत असून ते गप्प बसायचे. ब्रॅनला वाहून नेणाऱ्या होडॉरच्या नावामागचं रहस्य मात्र वाचकांनाही पडद्यावरच कळलं. मार्टिन यांनी निर्मात्यांना शेवट आणि काही मोठे टप्पे सांगून ठेवले होते. म्हणजे मुक्काम माहीत होता. वाट लिहून झालेली नव्हती, आणि ही वाट म्हणजे माणसांच्या मनातले विचार, एका प्रकरणामागून एक.

शेवटच्या पर्वात डेनेरिस शरण आलेलं शहर जाळते तेव्हा जगभर जो संताप उसळला त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो शेवट चुकीचा होता असं मी मानत नाही. त्याची तयारी पाचव्या खंडात झालेली आहे, पण अशा ठिकाणी की जिथे कॅमेरा जात नाही. मीरीनमध्ये एक गरीब माणूस पोटच्या मुलीची जळकी हाडं घेऊन राणीपुढे येतो. तिच्या ड्रॅगनने ती मुलगी मारली आहे. डेनेरिस त्या मुलीचं नाव विचारून घेते. हॅझिया. ते नाव पुढे कित्येक प्रकरणं तिचा पिच्छा पुरवतं, त्या नावापायी ती ड्रॅगनांना साखळदंडात कोंडते. आणि खंडातल्या तिच्या शेवटच्या प्रकरणात, गवताळ माळावर एकटी, उपाशी, तापाने फणफणलेली असताना तिला ते नाव आठवत नाही. ती आठवायचा प्रयत्न करते, जमत नाही, आणि त्याचं तिला अपार दुःख होतं. कोणाला काही सांगितलं जात नाही, बाहेर काहीच घडत नाही. बाप हाडं घेऊन येतो तो प्रसंग मालिकेत आहे. विसरणं नाही. आठव्या पर्वात घंटा वाजत असताना एमिलिया क्लार्क यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याच्या मागे हे विसरणं उभं असतं तर प्रेक्षकाला त्या आगीची भीती कितीतरी आधीपासून वाटली असती.

नवल वाटेल, पण याच जगातल्या दुसऱ्या मालिकेत सगळं उलटं झालं आहे. 'हाउस ऑफ द ड्रॅगन' २०२२ साली सुरू झाली. ती ज्यावर बेतली आहे ते 'फायर अँड ब्लड' हे २०१८चं पुस्तक इतिहासग्रंथाच्या थाटात लिहिलेलं आहे. एक विद्वान बखरकार तीन साक्षीदार पुढे ठेवतो : एक धर्मगुरू, एक राजवैद्य-पंडित आणि मशरूम नावाचा दरबारी विदूषक. तिघांच्या हकिगती जुळत नाहीत आणि कोणाच्या मनात काय होतं हे कोणालाच माहीत नाही. इथे मन पुरवायचं काम मालिकेकडे आलं, आणि पॅडी कन्सिडाइन यांनी राजा व्हिसेरिसला जे अंतरंग दिलं ते पुस्तकातल्या राजापेक्षा मोठं आहे. मार्टिन यांनी स्वतः तसं मोकळेपणाने म्हटलं आहे. पण २०२४च्या दुसऱ्या पर्वात पुन्हा एक माणूस काढलं गेलं, दोन वर्षांचा राजपुत्र मेलर. पुस्तकात मारेकरी राणी हेलेनाला दोन मुलांपैकी एक निवडायला लावतात. ती धाकट्याचं, मेलरचं नाव घेते, आणि ते थोरल्याला मारतात. आईने ज्याला मरणासाठी निवडलं तो मुलगा जिवंत राहतो आणि तिला रोज समोर दिसतो. ती त्याच्याकडे पाहू शकत नाही. मालिकेत मेलरच नसल्याने मारेकरी फक्त जुळ्यांतला मुलगा कोणता ते विचारतात आणि ती बोट दाखवते. निवड नाही, म्हणून पुढचं झुरणंही नाही. त्या सप्टेंबरमध्ये मार्टिन यांनी या बदलाबद्दल जाहीरपणे लिहिलं होतं. बदल लहान दिसतो, पण त्याचे परिणाम पुढे साठत जातात, हा त्यांचा मुद्दा होता. तो मला शब्दशः पटतो, आणि या पुस्तकाचा शेवटचा लेख त्या एकाच प्रसंगावर आहे.

नावं मालिकेत ऐकू येतात तशी लिहिली आहेत. पाचव्या पर्वात सान्साला जेन पूलच्या जागी बसवून रॅम्सीशी लावलेलं लग्न, डॉर्नची झालेली दैना, लेडी स्टोनहार्टचं न येणं यांवर स्वतंत्र लेख आहेत, त्यामुळे इथे त्यांना हात लावला नाही. कथेतली सगळी रहस्यं या पानांत उघडी आहेत. ज्यांना ती आधी मार्टिन यांच्याकडूनच कळावीत असं वाटतं त्यांनी निदान तिसरा खंड वाचून मग यावं. आणि ज्यांनी मालिका पाहिली आहे पण पुस्तकं हाती घेतलेली नाहीत, त्यांनी पहिल्या लेखाआधी 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्‌स' या तिसऱ्या खंडातली दोन प्रकरणं वाचावीत : कॅटलिनचं शेवटचं आणि टिरियनचं शेवटचं. मी पहिल्या लेखात जे म्हणतो आहे त्यावर वाद घालायला तेवढी पुरेशी आहेत.